वाचक विचारतात : उत्क्रांती, 'डिझाईन' आणि देव

उत्क्रांती, तिला पर्याय म्हणून मांडलं जाणारं 'इंटेलिजंट डिझाईन' आणि धर्मश्रद्धा या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. इंटेलिजंट डिझाईनचा दावा थोडक्यात असा : सजीवांमधल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या आपोआप घडणं अशक्य, त्यामागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात असलाच पाहिजे. पुढे सोयीसाठी नुसतं 'डिझाईन' म्हटलं आहे.

प्रश्न : उत्क्रांती ही शेवटी एक थिअरीच ना? मग तिच्या जोडीला दुसरी थिअरी शिकवली तर बिघडलं कुठे?

उत्तर : हा आक्षेप इंग्रजीतून आला आणि मराठीत आल्यावर त्यातली हवा जाते. चावी हरवल्यावर आपण म्हणतो, 'माझी थिअरी अशी की ती गाडीतच राहिली.' इथे थिअरी म्हणजे अंदाज. विज्ञानात अंदाजाला गृहीतक म्हणतात. सिद्धांत या शब्दात तर 'सिद्ध' आधीच बसलेला आहे. अनेक गृहीतकं तपासायची, नापास झालेली फेकायची आणि उरलेल्यांना एकत्र बांधणारी चौकट उभी करायची, तो सिद्धांत. रोग जंतूंमुळे होतात हाही सिद्धांतच. सिद्धांताला पुढे बढती मिळून त्याचा 'नियम' होतो, ही आणखी एक गैरसमजूत. नियम काय घडतं ते सांगतो, सिद्धांत ते का घडतं ते सांगतो.

दुसरा सिद्धांत शिकवायला हरकत नाही, पण त्याला एका प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे : काय दिसलं तर मी चूक ठरेन? उत्क्रांतीपाशी अशी उत्तरं ढिगाने आहेत. कॅम्ब्रियनपूर्व खडकात, म्हणजे ५४ कोटी वर्षांपेक्षा जुन्या थरात, सशाचं हाड सापडलं तर सगळी मांडणी कोसळेल. डिझाईनवाल्यांना हाच प्रश्न विचारून पाहा. रचनाकार कोण, त्याने काम कधी केलं, कसं केलं, किती वेळा केलं, यातलं काहीच सांगायचं नाही असं ठरवलं की कुठलंही निरीक्षण तुमच्या विरोधात जाऊच शकत नाही. ही ताकद वाटते, पण खरं तर हाच या मांडणीचा मोठा दोष आहे.

जाता जाता : आपला 'उत्क्रांती' हा शब्दही थोडा फसवतो. 'उत्' म्हणजे वर, त्यामुळे चढत्या पायरीचं चित्र डोळ्यांपुढे येतं. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे पिढ्यानपिढ्या खुरटत गेले, तीही उत्क्रांतीच.

प्रश्न : एका प्रथिनात शेकडो अमिनो आम्लं ठरावीक क्रमाने लागतात. योगायोगाने हा क्रम जुळण्याची शक्यता जवळपास शून्य. हे गणित तुम्ही कसं नाकारता?

उत्तर : गणित बरोबर आहे, ते चुकीच्या गोष्टीला लावलं आहे. दहा फासे घ्या. सगळे एकदम टाकून दहाही षटकार यायला सरासरी ६,०४,६६,१७६ वेळा टाकावे लागतील. दहा सेकंदांना एक फेक धरली, तर न झोपता सुमारे १९ वर्षं. आता नियम बदला : सहा आलेला फासा बाजूला ठेवायचा, उरलेलेच पुन्हा टाकायचे. सरासरी सोळा-सतरा फेऱ्यांत काम होतं, पाच मिनिटंही लागत नाहीत. फेक दोन्हीकडे तितकीच आंधळी आहे, दुसऱ्या पद्धतीत फक्त मिळालेलं टिकतं. उत्परिवर्तन (जनुकातला बदल) ही फेक आणि नैसर्गिक निवड म्हणजे टिकवणं. निवड योगायोगाने होत नसते, आणि आक्षेपाच्या गणितात नेमकी तीच धरलेली नाही.

या खेळात दोन उणिवा आहेत, ती लपवू नयेत. एक, फाशांच्या खेळात 'सहा' हे लक्ष्य आधी ठरलेलं आहे. निसर्गात तसं काही नसतं, फक्त शेजाऱ्यापेक्षा जरा बरं निभावलं की पुरतं. दुसरी जास्त महत्त्वाची : अर्धवट टप्प्याचाही काही उपयोग असेल तरच तो टिकेल. डिझाईनवाले नेमकं इथेच बोट ठेवतात. ते पुढच्या प्रश्नात येईलच.

'ठरावीक क्रम' हेही तितकंसं खरं नाही. पेशीच्या श्वसनात काम करणारं सायटोक्रोम-सी हे प्रथिन आपल्यात १०४ अमिनो आम्लांचं असतं. यीस्टमधलं त्याच कामाचं प्रथिन आपल्यापेक्षा सुमारे ४० टक्के वेगळं आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी व्यवस्थित चालतात. एका कुलपाला असंख्य किल्ल्या लागत असतील तर 'नेमकी हीच किल्ली मिळण्याची शक्यता किती' हे गणित काढून उपयोग नाही.

प्रश्न : जिवाणूच्या शेपटीतली 'मोटार' आपोआप कशी घडेल? एक भाग काढला तरी ती बंद पडते.

उत्तर : डिझाईनच्या बाजूचा हा सर्वांत गाजलेला मुद्दा, आणि सर्वांत विचार करायला लावणारा. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही यांनी तो १९९६ मध्ये मांडला. त्यांच्यावर टीका करण्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी : पृथ्वी अब्जावधी वर्षं जुनी आहे आणि माणूस व चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते, हे बीही मान्य करतात. सहा दिवसांत सृष्टी घडली म्हणणाऱ्यांच्या रांगेत त्यांना उभं करून हसणं हा आळस आहे.

आता मोटार. जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीला फ्लॅजेलम म्हणतात. पेशीच्या आवरणात प्रथिनांच्या कड्या बसवलेल्या, त्यांतून जाणारा दांडा, बाहेर एक आकडा आणि त्याला जोडलेला लांब मळसूत्री धागा. आवरणातून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर हे सगळं मिनिटाला हजारो फेरे फिरतं. धागा बाहेरच्या टोकाकडून वाढतो : तळाशी असलेली एक निर्यातयंत्रणा प्रथिनं पोकळ दांड्यातून वर ढकलते आणि ती टोकाला जाऊन बसतात. बीहींचं म्हणणं, यातला कुठलाही मुख्य भाग काढला की पोहणं बंद. मग अर्धी मोटार निवडीने टिकवली कशासाठी?

यात घसरगुंडी अशी. भाग काढला की *पोहणं* बंद पडतं, उपयोग बंद पडतोच असं नाही. प्लेगच्या जिवाणूमध्ये एक सुईसारखी रचना असते, तिच्यातून तो माणसाच्या पेशींमध्ये विष टोचतो. या सुईच्या तळाची यंत्रणा आणि फ्लॅजेलमच्या तळाची निर्यातयंत्रणा यांतली आठ-दहा प्रथिनं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. धागा नाही, फिरणं नाही, तरी यंत्र कामाचं. फिरवण्याचं काम करणारी 'मॉट-ए' आणि 'मॉट-बी' ही प्रथिनं घ्या : त्यांचे नातेवाईक जिवाणूच्या आवरणात लोह वगैरे आत घेण्यासाठी ऊर्जा पुरवतात. म्हणजे सुटे भाग दुसऱ्या कामांवर आधीपासून असू शकतात.

इथे उत्क्रांतीच्या बाजूचे लोकही एक चूक करतात. 'सुईपासूनच शेपटी झाली' असं ते ठोकून देतात. अभ्यासातून उलटंच दिसतं, की सुई बहुधा नंतरची आणि फ्लॅजेलमसारख्या यंत्रणेतूनच निघालेली आहे. सुई ही शेपटीची आजी नव्हे, चुलत बहीण किंवा नात. तिच्यावरून एवढंच ठरतं की भाग कमी असले तरी यंत्र निकामी होत नाही. बीहींचा मुद्दा मोडायला तेवढं पुरतं. शेपटीचा टप्प्याटप्प्याचा पूर्ण क्रम मात्र अजून लागलेला नाही.

मुळात 'एक काढला की सगळं बंद' ही अवस्था उत्क्रांतीत येणारच, हे आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन म्युलर यांनी १९१८ मध्येच लिहून ठेवलं होतं; पुढे त्यांना नोबेल मिळालं. नवा भाग जोडला जातो तेव्हा तो फक्त बरा असतो. मग बाकीचे भाग त्याच्यावर विसंबून बदलतात आणि तो अपरिहार्य होतो. मोबाईल फोनचं झालं तसंच : आधी सोय, मग सवय, मग गरज.

प्रश्न : काहीतरी नवं तयार होताना कुणी प्रत्यक्ष पाहिलं आहे का?

उत्तर : हो, आणि तारखेनिशी. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या बारा कुप्या सुरू केल्या. रोजचं काम अगदी कंटाळवाणं : कालच्या कुपीतलं ०.१ मिलिलिटर द्रावण ९.९ मिलिलिटर ताज्या द्रावणात टाकायचं. जिवाणू शंभरपट वाढतात, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे ७५ दिवसांनी, नमुना गोठवून ठेवायचा. हे गोठवणंच प्रयोगाचा प्राण आहे, कारण जुनी पिढी पुन्हा जिवंत करून नव्या पिढीशी झुंजवता येते.

द्रावणात साखर थोडी आणि सायट्रेट भरपूर होतं. ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट आत घेता येत नाही. ही या जिवाणूची ओळखण्याची खूणच. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारापैकी एका कुपीत ते खाणारे जिवाणू निघाले. कुपी अचानक गढूळ झाली. असं दिसलं की पहिली शंका बाहेरचा जंतू शिरल्याची घ्यायची असते; ती तपासून बाद केली गेली. मग गोठवलेल्या पिढ्यांपासून प्रयोग पुन्हा चालवले, तेव्हा ही क्षमता २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच पुन्हा आली. म्हणजे आधी कुठलीतरी पूर्वतयारी घडली होती. पुढे कारणही सापडलं : सायट्रेट आत आणणाऱ्या जनुकाची एक प्रत तयार झाली आणि ती ऑक्सिजन असताना चालू राहणाऱ्या 'बटणा'शेजारी जाऊन बसली.

यावरचा आक्षेप ठरलेला : 'हे तर जुन्याच जनुकाची जागा बदलणं झालं.' बरोबर. निसर्गात नवं बहुतेक असंच घडतं, जुन्याची नक्कल काढून आणि ती दुसऱ्या कामाला लावून.

प्रश्न : ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की अव्यवस्था वाढतच जाते. मग सजीव अधिकाधिक सुव्यवस्थित कसे होतील?

उत्तर : तो नियम बंदिस्त व्यवस्थेला आहे. पृथ्वीवर सूर्याची ऊर्जा सतत येते आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर जाते. आक्षेप खरा असता तर बीजाचं झाडही झालं नसतं. हा मुद्दा आता डिझाईनचे जाणकार समर्थकही सहसा काढत नाहीत.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी शिल्लक? आणि मधला पुरावा काय?

उत्तर : तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एकाच आजोबांचे, तुम्ही जन्मलात म्हणून चुलतभाऊ नाहीसा होत नाही. आजची माकडं आपली भावकी आहेत, पूर्वज नव्हेत.

पुराव्यातला एकच तुकडा जवळून पाहू. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असतील तर एक अख्खी जोडी गेली कुठे? ती नुसती नाहीशी होऊ शकत नाही, शेकडो जनुकं गेली तर जीव जगणार नाही. म्हणजे सिद्धांताने इथे स्वतःची मान पुढे केली : आपल्या एखाद्या गुणसूत्रात दोन गुणसूत्रं जोडल्याची खूण सापडलीच पाहिजे.

ती कशी ओळखायची? प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला बुटाच्या नाडीच्या टोपीसारखा एक भाग असतो. त्यात टी-टी-ए-जी-जी-जी ही डीएनएची सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. मधे कुठेही या टोपीचं काम नसतं. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मात्र मधल्या भागात हीच अक्षरं येतात आणि एका जागी उलटी होतात : पुढे सी-सी-सी-टी-ए-ए, सी-सी-सी-टी-ए-ए. दोन टोप्या तोंडाला तोंड लावून चिकटलेल्या. ही जागा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. गुणसूत्राला पेशीविभाजनात धरून ओढण्यासाठी एक सेंट्रोमिअर लागतो. या गुणसूत्रात एक चालू आहे आणि दुसऱ्याचे अवशेष आहेत, तेही अपेक्षित जागी.

जोडावरची अक्षरं बरीच झिजली आहेत, यावर विरोधक बोट ठेवतात. निरुपयोगी झालेली टोपी लाखो वर्षांत झिजणारच. ती कोरी करकरीत असती तर शंका घ्यावी लागली असती. 'असा पहिला जीव जोडीदाराशी जुळला कसा?' याचं उत्तर आपल्यातच फिरतं आहे. दोन गुणसूत्रं चिकटलेली आणि एकूण ४५ गुणसूत्रं असलेली माणसं साधारण हजारात एक असतात. बहुतेकांना ते माहीतही नसतं आणि त्यांना मुलंही होतात, फक्त गर्भपाताचा धोका काहीसा जास्त असतो.

प्रश्न : मधले दुवे सापडतच नाहीत, आणि सापडले ते बनावट निघाले असं वाचलं.

उत्तर : बनावट एक नक्की होता : १९१२ सालची पिल्टडाउनची कवटी. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, दात कानशीने घासलेले, रंग चढवलेला. ती १९५३ मध्ये उघडी पडली, आणि उघडी पाडली ती शास्त्रज्ञांनीच, हाडातल्या फ्लोरिनची मोजणी आणि इतर चाचण्या करून. चाळीस वर्षं लागली ही मात्र लाजिरवाणी गोष्ट.

खऱ्या दुव्यांत टिक्टालिकचं उदाहरण पाहा. पाण्यातले मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधलं काही हवं असेल तर सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुना, नदीच्या गाळाचा, उघडा पडलेला खडक शोधायचा. असा खडक कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर आहे. तिथे अनेक उन्हाळे खोदकाम झालं आणि २००४ मध्ये प्राणी मिळाला : खवले आणि परांच्या कडा माशाच्या, पण मान वळणारी, डोकं चपटं आणि परात मनगटासारखी हाडं.

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. २०१० मध्ये पोलंडच्या एका खाणीतले पायांचे ठसे प्रसिद्ध झाले, ते टिक्टालिकहून दीड कोटी वर्षांच्या आसपास जुने. ते चार पायांच्या प्राण्याचे असतील तर (यावर वाद आहे) टिक्टालिक हा आपला थेट पूर्वज नाही, उशिरापर्यंत टिकलेली भावकी आहे. 'दुवा' म्हणजे खापरपणजोबा नव्हे. दोन्हीकडची लक्षणं एकाच अंगावर बाळगणारा, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : अमेरिकेतल्या न्यायालयाने डिझाईन शिकवायला बंदी घातली म्हणतात. विज्ञानातला वाद न्यायाधीशाने का सोडवावा?

उत्तर : न्यायाधीशापुढचा प्रश्न वेगळा होता. पेनसिल्वेनिया राज्यातल्या डोव्हर इथल्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचं : डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, डिझाईन हा पर्याय आहे, त्यावरचं अमुक पुस्तक उपलब्ध आहे. शिक्षकांनी वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासनातल्या लोकांनी ते वाचलं. अकरा पालक न्यायालयात गेले. सरकारी शाळेत धर्माचा प्रचार करायचा नाही असं अमेरिकेची राज्यघटना सांगते. म्हणून प्रश्न एवढाच : डिझाईन हे विज्ञान आहे, की धर्माचं दुसरं नाव?

निर्णायक ठरला तो त्या पुस्तकाचा कच्चा खर्डा. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत 'सृष्टीनिर्मितीचं विज्ञान' शिकवायला लावणारा कायदा रद्द केला. आधीच्या खर्ड्यांत 'क्रिएशनिस्ट्स' म्हणजे सृष्टीनिर्मितीवादी होते. निकालानंतरच्या खर्ड्यांत त्याच वाक्यांत त्याच जागी 'डिझाईन प्रपोनंट्स' आले. एका ठिकाणी बदलताना हात चुकला आणि जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे, शेपूट मागे लोंबकळत राहिलं : 'सीडिझाईन प्रपोनंट्सिस्ट्स'. जीवाश्मांच्या वादात असा लख्ख मधला दुवा क्वचितच मिळतो.

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल पालकांच्या बाजूने दिला. त्यांची नेमणूक धाकट्या जॉर्ज बुश यांनी केलेली. मंडळाला पालकांचा दहा लाख डॉलरच्या वर खर्च भरावा लागला. अपील झालं नाही, त्यामुळे निकाल कायद्याने फक्त त्या न्यायालयीन भागापुरता बंधनकारक आहे. 'न्यायालयानेच सांगितलं' म्हणून उत्क्रांती खरी ठरत नाही. वाद घालताना हा निकाल त्या कामाला वापरू नये.

प्रश्न (एका शिक्षिकेचा) : वर्गात नैसर्गिक निवड दाखवायची आहे. आणि एखादा विद्यार्थी 'आमच्या धर्मात असं नाही' म्हणाला तर काय करावं?

उत्तर : एका तासात होणारा प्रयोग. साहित्य : साधारण मीटरभर लांब-रुंद, दाट रंगीबेरंगी नक्षीचं कापड, पाच रंगांच्या कागदांतून पंचिंग मशीनने पाडलेल्या टिकल्या, प्रत्येक रंगाच्या निदान शंभर. कापडावर प्रत्येक रंगाच्या वीस अशा शंभर टिकल्या पसरा. चार विद्यार्थी 'शिकारी'. प्रत्येकाने पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिली दिसेल ती टिकली उचलायची, वाटीत टाकायची आणि पुन्हा पाठ करायची. ७५ उचलल्या की थांबा. उरलेल्या २५ रंगवार मोजा, प्रत्येकीमागे त्याच रंगाच्या तीन 'पिल्लं' म्हणून टाका. पुन्हा शंभर झाल्या. अशा तीन पिढ्या करा, आकडे फळ्यावर लिहा.

बिघडतं कुठे? कापड एकरंगी घेतलं तर एकच रंग पहिल्याच पिढीत जिंकतो आणि खेळ संपतो. टिकल्या एकमेकींना चिकटून ढीग होतो, तेव्हा पसरताना चिमटीने भुरभुरा. मुलं घाईत हाताने चाचपून उचलतात. तसं झालं की निवड नजरेने होत नाही आणि सगळे रंग सारखेच मरतात. उलट हीच चूक मुद्दाम करून पाहा : एक फेरी डोळे मिटून खेळा. तरीही आकडे थोडे हलतात, कधी एखादा रंग बराच घटतो. निव्वळ योगायोगाने होणारा बदल आणि निवडीने होणारा बदल यांतला फरक त्याने कळतो. चौथ्या पिढीला कापड बदला, आधी जिंकणारे हरू लागतील.

शेवटी मुलं हमखास म्हणतात, 'टिकल्यांनी रंग बदलला.' तिथे थांबा. एकाही टिकलीने रंग बदललेला नाही. समूहातलं प्रमाण बदललं. संपूर्ण तास या एका वाक्यासाठी आहे. या खेळात नवा रंग कधीच येत नाही, ही उणीव भरायची तर दर पिढीत ७५ पिल्लांपैकी पाच-सहा दुसऱ्याच रंगाची टाका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : वर्गात मतदान किंवा 'डार्विन विरुद्ध देव' असा वादविवाद ठेवू नका. विज्ञान हात वर करून ठरत नाही, आणि मुलाला घरच्यांच्या विरुद्ध उभं केलं की तो ऐकायचंच बंद करतो. प्रश्नपत्रिकेत 'तुम्हाला पटतं का' विचारू नका, 'या सिद्धांतानुसार हे कसं घडलं ते स्पष्ट करा' असं विचारा. समजणं हे शाळेचं काम. मान्य करावं की नाही, ते विद्यार्थ्याने ठरवायचं.

प्रश्न : उत्क्रांती मान्य केली तर देव सोडावा लागतो का?

उत्तर : ज्यांनी या शास्त्राला आकार दिला त्यांच्याकडे पाहिलं तर तसं दिसत नाही. डार्विनचे अमेरिकेतले पहिले मोठे पाठीराखे, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, श्रद्धाळू ख्रिस्ती होते. आनुवंशिकी आणि उत्क्रांती यांची सांगड घालणारे डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. डोव्हरच्या खटल्यात डिझाईनविरुद्ध साक्ष देणारे केनेथ मिलर कॅथलिक आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही आता गृहीतकाहून अधिक आहे असं म्हटलं. आत्मा मात्र त्यातून वेगळा ठेवला.

नळ दुरुस्त करणारा गळतीचं कारण वॉशरमध्ये शोधतो, म्हणून तो नास्तिक ठरत नाही. विज्ञानाची कामाची पद्धत इतकीच आहे. 'म्हणून देव नाहीच' हे वाक्य कुणी शास्त्रज्ञ पुढे जोडत असेल तर ते त्याचं तत्त्वज्ञान. प्रयोगशाळेतून ते आलेलं नाही.

पण 'काहीच संघर्ष नाही' हे गुळगुळीत उत्तरही आम्हाला पटत नाही. धर्मग्रंथातला शब्द न् शब्द इतिहास मानणाऱ्याला संघर्ष आहेच : आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात सृष्टीचं साल इसवी सनापूर्वी ४००४ काढलं, आणि पृथ्वीचं वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षं येतं. यात मधला मार्ग नाही. दुसरा संघर्ष अधिक खोल आहे, तो दुःखाचा. सुरवंटाच्या अंगात अंडी घालून त्याला आतून जिवंत खाणाऱ्या परजीवी माश्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या हे मनाला पटत नाही, असं डार्विन यांनी १८६० मध्ये ग्रे यांनाच लिहिलं. त्याच पत्रात, हे सगळं विश्व निव्वळ आंधळ्या शक्तीचं फळ मानायलाही मन तयार होत नाही, असंही आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला हवं तेवढंच अर्धं पत्र वापरतात.

श्रद्धेच्या अंगाने पाहिलं तरी डिझाईनचा सौदा तोट्याचाच आहे. जिथे स्पष्टीकरण नाही तिथे देव बसवला, की स्पष्टीकरण सापडताच त्याला उठवावं लागतं. ग्रहांच्या कक्षा बिघडू नयेत म्हणून देव अधूनमधून हात लावतो असं न्यूटन यांना वाटे. शंभर वर्षांनी लाप्लास यांनी गुरू-शनीच्या गतीतली ती गडबड आपोआप पुढेमागे होत राहते, हे गणिताने दाखवलं.

प्रश्न : डार्विन यांनी मृत्युशय्येवर सिद्धांत मागे घेतला, हे खरं का?

उत्तर : नाही. ते १८८२ मध्ये गेले. ही कथा लेडी होप नावाच्या बाईंच्या हवाल्याने १९१५ मध्ये अमेरिकेतल्या एका धार्मिक नियतकालिकात छापून आली. अखेरच्या वेळी जवळ असलेल्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ मध्ये छापील उत्तर दिलं की या बाई वडिलांच्या शेवटच्या आजारपणात घरी आल्याच नव्हत्या. समजा आल्या असत्या आणि डार्विन यांनी खरंच शब्द मागे घेतले असते, तरी दुसऱ्या गुणसूत्रावरचा तो जोड जिथे आहे तिथेच राहिला असता.